गॅरेजच्या जाळीतून पाणी वर येतं तेव्हा

आधी आवाज येतो. पाऊस जोरात सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालून बुडबुड ऐकू येते, कारण पाईपमधली हवा ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाच्या, पाण्यातून वर ढकलली जात असते. मग जाळीवरची वाळकी पानं अलगद तरंगायला लागतात, भोवती ओला गोल पसरतो आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला पाणी गाडीच्या चाकापर्यंत पोचतं. आमच्या घरात तीन पावसाळे हे असंच चाललं होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मला त्याचं खरं कारण कळलं. त्याआधी केलेला सगळा खर्च चुकीच्या जागी गेला, म्हणून हे तपशिलात लिहिते आहे.

घर पुण्यात, सहकारनगरच्या चढावर. वडिलांनी १९८३ मध्ये बांधलं. गॅरेज तेव्हाही रस्त्यापेक्षा थोडं खालीच होतं, पण नंतर रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत गेले आणि आमची फरशी जिथल्या तिथे राहिली. गॅरेजमध्ये माझी लहान गाडी, कपडे धुण्याचं मशीन, घरघंटी आणि इन्व्हर्टरची बॅटरी, म्हणजे पाण्यात जाऊ नये ते सगळंच.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पाणी आमच्यापर्यंत चढलं नाही, पण गॅरेज मात्र जाळीतून आलेल्या पाण्याने भरलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मातीची एक सरळ रेघ उमटलेली होती. मी तिथे पेन्सिलने तारीख लिहिली. पुढे सगळं कोडं त्या रेघेनेच सोडवलं.

पाऊस चालू असताना

गॅरेजची वीज वरून, मेन बोर्डावरून बंद करा. बोर्ड गॅरेजमध्येच असेल आणि खाली पाणी साचलेलं असेल तर पाण्यात पाय घालू नका, मीटरजवळचा मुख्य स्विच पाडा. पाणी यायच्या आधी गाडी वर काढता आली तर काढा. ती पाण्यात बुडालेली असेल तर चावी फिरवू नका, कारण इंजिनात पाणी ओढलं गेलं की दुरुस्ती फार महागात जाते.

मग घरातलं पाणी थांबवा. मशीन बंद, भांडी नंतर, आंघोळ नंतर, फ्लशही शक्यतो नको. हे सगळं ज्या चेंबरला जातं तो आधीच भरलेला असतो, आणि घरातली सगळ्यात खालची जागा गॅरेजची जाळी असते. वर सोडलेली प्रत्येक बादली तिथूनच बाहेर येणार.

जाळीवर पोतं आणि दगड ठेवून ती दाबून टाकावीशी वाटते. मी २०२० मध्ये तेच केलं. अर्ध्या तासात मागच्या अंगणातल्या भांडी घासायच्या मोरीतून पाणी उसळलं, कारण ती मोरी गॅरेजपेक्षा जेमतेम चार इंच उंच आहे. दाबलेलं पाणी त्याच्यानंतरची खालची जागा शोधतं. ती जागा तुमच्या घरात कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय जाळी बंद करू नका.

आणि साचलेल्या पाण्यात चेंबरचं झाकण उघडू नका, गेटबाहेर तर मुळीच नाही. गढूळ पाण्याखाली उघडं भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी लवकर ओसरावं म्हणून कुणी झाकण काढतं, आणि मागून येणाऱ्याचा जीव जातो.

एवढं झालं की छत्री, टॉर्च आणि वही घेऊन उभ्या राहा. पाऊस पडत असतानाचा हा अर्धा तास फार मोलाचा आहे. कोरड्या दिवशी येणाऱ्या प्लंबरला यातलं काहीच दिसत नाही.

पाणी आपलं की रस्त्याचं?

सगळं काम या एका प्रश्नावर अवलंबून आहे. जाळीतून वर येणारं पाणी आपल्याच घराचं असेल, म्हणजे गच्चीचं नाहीतर मोऱ्यांचं, तर आपली लाइन पुढे कुठेतरी तुंबलेली आहे. रस्त्याचं असेल तर आपली लाइन स्वच्छ आहे, आणि स्वच्छ आहे म्हणूनच ते पाणी इतक्या सहज आत येतं. पहिल्या प्रकारात सफाई लागते. दुसऱ्या प्रकारात जितकी सफाई कराल तितकं पाणी जोरात येईल. मी दोन वर्षांत तीनदा लाइन साफ करून घेतली, एकदा ट्रॅप बदलला, एकदा जाळी बदलली. पाणी रस्त्याचं होतं.

ओळखायचं कसं? सुरुवात कोरड्या दिवशी करा. जाळीत लागोपाठ सहा बादल्या ओता. पाणी गडप झालं तर गॅरेजपासून पहिल्या चेंबरपर्यंत वाट मोकळी आहे. तुंबलं तर बिघाड तिथेच आहे आणि पुढचं काही वाचायच्या आधी तो काढा.

पावसात वेळा लिहा. जोराचा पाऊस कधी सुरू झाला, जाळी कधी बोलायला लागली, पाऊस कधी थांबला, पाणी कधी उतरलं. गच्चीचा पाईप वाहायचा थांबला आणि पाचेक मिनिटांत गॅरेजही उतरायला लागलं, तर संशय आपल्याच पाण्यावर. आमच्याकडे पाऊस थांबून चाळीस मिनिटं झाली तरी जाळी भरलेली असायची आणि रस्त्याच्या कडेचं पाणी ओसरलं की मगच उतरायची.

वर काय येतं तेही बघा. शेवाळ, गच्चीवरची वाळू, आपल्याच कडुनिंबाची पानं आली तर ते गच्चीचं. फेस आणि घाण वास असेल तर ड्रेनेजचं. काळा चिखल, गुटख्याच्या पुड्या, तेलाचा तवंग म्हणजे रस्ता. तरी शंका राहिली तर रंगपंचमीचा उरलेला हिरवा रंग बादलीत कालवून गच्चीच्या पाईपमध्ये ओता आणि गॅरेजमध्ये येऊन बघत बसा. पाणी हिरवं झालं तर गच्चीचं पाणी गॅरेजच्या लाइनला मिळतं आहे हे नक्की.

कंपाउंडमध्ये दोन चेंबर असतील आणि वर पाणी साचलेलं नसेल तर दोन्ही झाकणं किंचित उचलून टॉर्च मारा. घराजवळचा भरलेला आणि गेटजवळच्याच्या तळाशी नुसती धार, तर बोळा दोघांच्या मधे आहे. दोन्ही काठोकाठ असतील तर पाणी पुढून मागे येतं आहे.

आता थोडा हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमची गच्ची हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. ताशी ५० मिलिमीटरचा मुसळधार पाऊस धरला तर तासाला ४६५० लिटर, मिनिटाला साधारण ७८ लिटर. पंधरा लिटरची बादली दर बारा सेकंदांनी ओतल्यासारखं. हे ऐकायला खूप वाटतं, पण नीट ढाळ असलेला चार इंची स्वच्छ पाईप याच्या कितीतरी पट पाणी नेतो. म्हणजे गच्चीच्या पाण्याने चार इंची पाईप भरून वाहत असेल तर आत काहीतरी अडकलेलं आहे, आणि पाईप स्वच्छ असूनही भरत असेल तर पुढचं तोंड बंद आहे. ‘पाईप लहान आहे, सहा इंची टाका’ असं सांगणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी वहीत भरतीची वेळही लिहावी. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती, नंतरच्या आराखड्यात तो आकडा ५० केला. पण मोठ्या भरतीला गटारांची तोंडंच समुद्राच्या पातळीखाली जातात, मग पाणी जागच्या जागी चढतं. सांगली-कोल्हापूरकडे नदीने ओढ्यांचं पाणी मागे लोटलं की त्याला फूग म्हणतात. गॅरेजच्या जाळीत येते ती त्याच फुगेची लहान बहीण.

लेव्हलची नळी

शेवटची खात्री मला एका वयस्क गवंडीकाकांनी करून दिली. ते भिंतीच्या ओलीसाठी आले होते. पेन्सिलची रेघ बघून म्हणाले, “ताई, नळी आहे का लेव्हलची?” पारदर्शक नळी, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, पंधरा मीटर घ्यावी. तिच्यात पाणी भरायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक रस्त्यावरच्या ड्रेनेजच्या झाकणापाशी धरायचं, दुसरं गॅरेजच्या भिंतीला लावायचं. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की ते एकाच पातळीवर असतं.

झाकणाची पातळी आमच्या भिंतीवर बरोबर त्या मातीच्या रेघेवर आली. फरशीपासून चौदा इंच.

मग सगळं उलगडलं. रस्त्याखालची मोठी लाइन भरली की पाणी आपली पातळी गाठायला चढतं. रस्त्यावरच्या झाकणातून ते उफाळण्याआधी चौदा इंच खाली असलेली माझी जाळी त्याला सापडते. झाकणातून पाणी सांडायला लागलं की त्याहून वर ते चढत नाही, म्हणून रेघ तिथेच थांबली. तुमच्या घरी हे माप आधी घ्या. फरशी रस्त्याच्या झाकणापेक्षा वर असेल तर तुमचा प्रश्न बहुधा सफाईचा आहे. खाली असेल तर लाइन कितीही साफ केली तरी ज्या दिवशी रस्ता भरेल त्या दिवशी गॅरेज भरेल.

लाइन तुंबलेली असेल तर

हे काम मेमध्ये करा, पावसाळ्याच्या आधी. जाळी काढून ट्रॅपमधला गाळ हातमोजा घालून काढा. चेंबरमध्ये गाळ असेल तर तो घमेल्यात काढा, पाण्याबरोबर पुढे ढकलू नका. बांबूची कामटी किंवा जोडायच्या सळ्या खालच्या, रिकाम्या चेंबरमधून वरच्या दिशेने घाला, आणि बोळा फुटेल तेव्हा पाणी अंगावर येणार नाही असं बाजूला उभं राहा. आमच्या लाइनमधून पहिल्यांदा निघाला तो दगडासारखा पांढरा थर होता. फरशीला पॉलिश केल्यानंतरचं राडेपाणी मोरीत सोडलं होतं, ते पाईपच्या तळाशी सिमेंटसारखं बसलं होतं. घरात फरशीचं काम असेल तर ते पाणी बादलीत निवळू द्या, गाळ पोत्यात भरा.

जुन्या भाजक्या मातीच्या पाईपांच्या सांध्यांत पिंपळ-उंबराची मुळं शिरतात. कामटीला केसांसारखा गुंता लागून आला तर तो पाईप बदलायलाच हवा, मुळं कापली तरी पुढच्या वर्षी परत येतात. ॲसिड ओतू नका. मातीचा थर त्याने विरघळत नाही, आणि नंतर त्या पाण्यात हात घालणाऱ्याची कातडी भाजते.

आणि कुणालाही, कितीही पैसे देऊन, चेंबरमध्ये किंवा मॅनहोलमध्ये उतरवू नका. आत साचलेला वायू काही श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवून अशी धोक्याची सफाई करून घ्यायला बंदी आहे. वरून कामटीने होत नसेल तर पाण्याच्या दाबाची जेटिंग गाडी बोलवायची.

पाणी रस्त्याचं असेल तर

पहिलं काम गच्चीचं पाणी सोडवण्याचं. आमचा गच्चीचा पाईप गॅरेजच्याच चेंबरमध्ये उतरत होता. तो जमिनीपासून दोन फुटांवर कापला, बेंड लावला आणि कंपाउंडच्या भिंतीलगत नेऊन शोषखड्ड्यात सोडला, खड्डा भरला तर जास्तीचं पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात. शोषखड्डा पायापासून लांब घ्या. पावसाचं पाणी मैलापाण्याच्या लाइनला जोडणं तसंही चूक आहे. प्रत्येक घराने ते केलं की रस्त्याखालची लाइन भरते, आणि ते पाणी शेवटी सगळ्यात खाली असलेल्या घरात येतं.

मग झडप, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. आतली पट्टी पाणी बाहेर जाऊ देते, उलट आलं की मिटते. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात, माझ्याकडेही होणार होती. प्लंबर ती गेटजवळ, सगळ्या घराच्या लाइनवर बसवणार होता. तशी बसवली असती तर पावसात झडप मिटल्यावर वरच्या मजल्यावरच्या आंघोळीचं पाणी आतच अडकलं असतं आणि गॅरेजमध्येच उतरलं असतं. रस्त्याऐवजी आपलंच पाणी. झडप फक्त खालच्या जागांच्या फांदीवर हवी. आमच्याकडे गॅरेजची जाळी आणि मागची मोरी एका वेगळ्या पाईपवर घेतली, त्या पाईपवर झडप बसवली, आणि घरातल्या उंच मोऱ्या-संडासांची लाइन झडपेच्या पुढे, गेटजवळच्या चेंबरमध्ये जोडली. धुण्याच्या मशीनची नळी उचलून त्या उंच लाइनला दिली. पाऊस जोरात असला की मागची मोरी वापरायची नाही, एवढा एक नियम पाळावा लागतो.

झडप घेताना वरचं झाकण उघडून पट्टी हाताने साफ करता येईल अशीच घ्या आणि चेंबरमध्येच बसवा, फरशीखाली गाडू नका. झडपेवरच्या बाणाची दिशा बाहेरच्या बाजूला. बिजागरी वरती. बसवून झाल्यावर पुढच्या चेंबरमधून नळीने उलटं पाणी सोडून बघा, गॅरेजमध्ये थेंब येता कामा नये. कंपाउंडमधल्या एखाद्या चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा खाली असेल तर तेही वर उचलून घ्या, नाहीतर पाणी तिथून सांडून उतारावरून आत येईल.

झडप मिटलेली असताना उतारावर पडणारा पाऊस मात्र गॅरेजमध्येच जमतो. आमचा उतार बारा चौरस मीटरचा, ताशी ५० मिलिमीटरला तासाला ६०० लिटर. त्यासाठी तीन गोष्टी केल्या. गेटात रस्त्याच्या पातळीपेक्षा तीन इंच उंच उंबरा, उतारावर पत्रा, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात दोन बाय दोन आणि अडीच फूट खोल खड्डा. त्यात जेमतेम २८० लिटर मावतात, म्हणून अर्ध्या एचपीचा पाण्यात बुडणारा पंप, तरंगत्या स्विचवर आपोआप चालणारा. त्याचा पाईप आधी रस्त्याच्या पातळीपेक्षा फूटभर वर नेऊन मग खाली वळवला आहे, म्हणजे पंप थांबला तरी रस्त्याचं पाणी त्यातून मागे येत नाही. पंपाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावलाच पाहिजे. मोठ्या पावसात वीज जातेच, तेव्हा इन्व्हर्टरवर तो चालेल का हे इलेक्ट्रिशियनकडून पक्कं करून घ्या. सुरू होताना पंप बराच जास्त करंट ओढतो, घरातला साधा इन्व्हर्टर तिथे कमी पडतो.

यातलं एवढं काही करायचं नसेल तर एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. गॅरेजला जाळी हवीच आहे का? गाडी बाहेर धुता येत असेल आणि पाऊस आत येत नसेल तर तो पाईप काँक्रीटने कायमचा बंद करणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं आहे. बंद करण्याआधी मागच्या मोरीसारखी दुसरी खालची जागा नाही ना, ते मात्र नळीने मोजून घ्या. वरून, गेटावरून लोंढा येत असेल तर तो पूर, त्याला जाळी-झडप-पंप काहीच पुरत नाही, सामान वरच्या मजल्यावर न्यायचं.

पाणी उतरल्यावर

अनवाणी जाऊ नका. या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि पायाच्या लहानशा चिरेतूनही लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. गमबूट घाला, आणि जखमेला पाणी लागलंच तर ताप यायची वाट न बघता २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. आधी गाळ खरडून काढा, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने फरशी धुवा. ब्लीचिंगबरोबर संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरिन सुटतो.

झडप बसवल्यानंतर आमच्या भिंतीवर एकच नवी रेघ आली, जून २०२२ ची, दोन बोटं उंच. चेंबर उघडलं तर दुधाची रिकामी पिशवी पट्टीखाली अडकून बसलेली, झडप अर्धवट उघडी. तेव्हापासून जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मी ते झाकण उघडून पट्टी बोटाने हलवून बघते. मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर पाईप कुठून जातात, झडप कोणत्या चेंबरमध्ये आहे आणि बाणाची दिशा कुठली, ते काढलं आहे. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: फरशी रस्त्याच्या झाकणापेक्षा १४ इंच खाली. रस्त्यावर नवा थर पडला की हा आकडा पुन्हा मोजून बदलायचा.